पर्चेवाल्या काकाजींची कात्री

पर्चेवाले काकाजी कोणाचंही लिखाण हातात घेतलं की आधी वाचत नसत. एकेका वाक्यावर बोट ठेवून विचारत, "हे कोण बोललं?" मी म्हणायची, "मीच." मग ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत आणि बोट खालच्या वाक्यावर सरकवत. "अन् हे?" पाच-सहा वाक्यं ओळीनं माझीच निघाली की कागद परत करत. "स्वतःशीच बोलून राहिली का वं तू? मग छापून काहून राहिली? घरी आरसा नाही का?"

महाल या आमच्या वस्तीतल्या एका बोळात झेरॉक्सचं दुकान आहे. त्याच्या ओट्यावर ते बसत. घराणं विणकरांचं, पण माग त्यांच्या तरुणपणीच बंद पडले होते. मग एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचं काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं. छापखाना बंद झाला तेव्हा हातात काम उरलं नाही, अक्षराची सवय तेवढी उरली. त्या सवयीतून पर्चा निघाला. पंधरा दिवसांतून एकदा, एकच कागद, दोन्ही बाजूंनी हातानं लिहिलेला आणि झेरॉक्स काढून वाटलेला. त्याला नाव नव्हतं, किंमत नव्हती. वर फक्त एक प्रश्न: 'काय खटकलं?' आणि खाली, पंधरवड्यात ज्याला जे खटकलं ते, त्याच्याच शब्दांत.

आमच्या घरातले माग माझ्या जन्माआधीच विकले गेले होते. बाबा एका शाळेत शिपाई होते. घरात पुस्तकं नव्हती, पण पर्चे होते. आई ते स्वयंपाकघरातल्या फळीवर डब्यांखाली अंथरायची. मी वाचायला शिकले ती तिथे, तिखटाचा डबा सरकवून. नळाला पाणी पहाटे चार वाजता येतं म्हणून झोपायचं कधी, असं विचारणारी एक बाई त्या फळीवर होती. पोराच्या शाळेतल्या बाई त्याला आडनावानंच हाक मारतात म्हणून अस्वस्थ झालेला एक रिक्षावाला होता. अन्याय हा शब्द मला फार उशिरा कळला. त्याआधी मला तिखटाचे डाग पडलेली ती माणसं माहीत होती.

पुढे मी त्यांच्याकडे जाऊ लागले ते शिकायलाच. त्यांचं एकच हत्यार होतं, परीक्षेला मुलं नेतात तसं पुठ्ठ्याचं पॅड. त्याची क्लिप गंजलेली, पेन्सिल सुतळीनं बांधलेली. मी एकदा एका भाजीवालीला विचारलं, "तुमच्या समस्या काय आहेत?" काकाजींनी मला कोपरानं ढोसलं. आम्ही बोळात परत आलो. मग म्हणाले, "समस्या विचारली का माणूस भाषण देते, पोट्टे. खटकलं काय विचारलं का गोष्ट सांगते."

गोष्ट ऐकली म्हणजे ती आपली झाली, असं मात्र त्यांच्याकडे नव्हतं. लिहून झाल्यावर दोन दिवसांनी ते सांगणाऱ्याकडे परत जात. तो कामावर असेल तिथे, बाई असेल तर तिच्या शेजारणीला बोलावून. लिहिलेलं सगळं मोठ्यानं वाचून दाखवत. आणि पॅडखालून कात्री काढत. वडिलांच्या मागावरची, धागे तोडायची, जुनी. "काही काढायचं हाय का?" एखादा म्हणे, "काकाजी, तेवढं साहेबाचं काढा गा." मग ते वाद घालत नसत. तेवढी पट्टी कापून त्या माणसाच्या हातात ठेवत. "तुह्यं तुह्याजवळ." लोक ती पट्टी घडी करून खिशात घालत. काहीजण तिथेच फाडत.

कापलेली जागा ते भरत नसत. त्यामुळे पर्च्यात मध्येच पांढरे चौकोन यायचे. एकदा आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त कारकुनांनी आपल्या मुलाबद्दल भरभरून सांगितलं आणि वाचून दाखवल्यावर एकेक करत सगळंच काढायला लावलं. शेवटी उरलं ते एवढंच: 'मुलगा बरा आहे.' तो पर्चा निघाला तेव्हा चहाच्या टपरीवर हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. टपरीवाला म्हणाला, "काकाजी, पर्चा हाय का चाळणी?" काकाजी शांतपणे बशीतला चहा फुंकत म्हणाले, "इथं कोणी बोललं होतं. मग त्यानं विचार केला. तेही दिसू दे ना लोकायले." ते कारकून त्यानंतर महिनाभर काकाजींना रोज टपरीवर चहा पाजत होते.

मी ब्लॉग सुरू केला तेव्हा काकाजींना फोनवर दाखवायला गेले. कुठल्या कुठल्या गावांतून लोक वाचतात, खाली काय लिहितात, सगळं दाखवलं. त्यांनी बराच वेळ बोट सरकवून पाहिलं. "हे आंगठेच आंगठे काय हाय?" मी सांगितलं, आवडलं की अंगठा देतात. "आमच्या वेळी ज्याले लिहिता येत नव्हतं तो आंगठा देत होता. आता लिहिता येणारेही आंगठाच देऊन राहिले. बोललं कोण यातलं?" मी चिडले. मला त्यांचा पर्चा म्हाताऱ्या सायकलसारखा वाटायला लागला होता, प्रामाणिक पण कुठेच न पोचणारा. मी म्हटलं, "तुम्ही वाचून दाखवायला जाता तोवर विषय शिळा होतो."

"भाजी हाय का?" ते म्हणाले.

माझं म्हणणं मी आजही पूर्ण खोटं मानत नाही. अन्याय दिसल्यावर दोन दिवस थांबणं मला भ्याडपणाचं वाटायचं. ज्या पर्च्यांवर मी वाढले त्यांनीच मला ती आग दिली होती. त्या आगीला जोडलेली कात्री तेवढी मी घेतली नाही.

एका बुधवारी आम्ही कामठीला गेलो. तिथल्या यंत्रमागाच्या एका शेडमध्ये काम करणारी एक मावशी काकाजींना ओळखत होती. जेवणाच्या सुट्टीत भिंतीच्या सावलीत बसून तिनं सांगितलं. शेडमधल्या संडासाला मालकानं कुलूप घातलं होतं, बाया वेळ काढतात म्हणून. कुलूप दिवसातून दोनदा उघडायचं. बाया सकाळपासून पाणीच पीत नव्हत्या. एकजण भोवळ येऊन मागावर पडता पडता वाचली होती. सांगताना मावशी हातातल्या एका वस्तूशी चाळा करत होती. वस्तू तिच्या नवऱ्याची, तो गेल्यापासून ती कायम जवळ बाळगायची. ती कोणती, ते मी इथे लिहीत नाही. एकदा लिहिलं, तेव्हाच सगळं झालं.

काकाजी उठताना म्हणाले, "शुक्रवारी येतो, वाचून दाखवतो." मावशी म्हणाली, "या. चहा पिऊन जाजा."

परतीच्या ऑटोतच मी मनात वाक्यं जुळवत होते. घरी पोचल्यावर मी एका बैठकीत लेख लिहिला. मावशीचं नाव बदललं, शेडचं नाव दिलं नाही. काळजी घेतली, असं मला वाटलं. आणि लेखाच्या शेवटी ती वस्तू आणली. नवऱ्याची ती वस्तू मुठीत धरून कुलूप उघडायची वाट बघणारी बाई. लेखातली सगळ्यात चांगली ओळ तीच होती. मला ते लिहितानाच कळलं होतं. म्हणून तर थांबवलं नाही स्वतःला. जेवणाच्या आधी लेख टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती ओळ सगळीकडे होती. कोणी तिच्यावर चित्र काढलं होतं. कोणी स्वतःच्या नावावर फिरवली होती. लोक मला लिहीत होते, रडू आलं, धन्यवाद. मला वाटलं, लिहिणं म्हणतात ते हेच.

शेडमध्ये तशी वस्तू घेऊन येणारी बाई एकच होती. मालकाला ती ओळखायला पूर्ण लेखही वाचावा लागला नाही. शुक्रवारी काकाजी पॅड आणि कात्री घेऊन कामठीला पोचले तेव्हा मावशीला कामावरून काढून एक दिवस झाला होता. त्यांना तिथल्या बायांकडून कळलं. तोवर त्यांनी माझा लेख पाहिलेलाही नव्हता.

संध्याकाळी ते आमच्या घरी आले. आजवर कधी आले नव्हते. पाणीही घेतलं नाही. पॅडवरचा बुधवारचा कागद माझ्यापुढे धरला. मावशीचं सगळं बोलणं त्यावर होतं. त्या वस्तूपाशी समासात त्यांनी पेन्सिलीनं एक शब्द लिहून ठेवला होता: 'विचारणे.'

"चोरी केली असती तं परत देता आली असती," ते म्हणाले. "तू घाई केली वं."

रविवारी ते मला घेऊन मावशीच्या घरी गेले. माझी बाजू मांडायला नाही, लेख वाचून दाखवायला. ठरल्याप्रमाणे वाचून दाखवायचंच होतं, उशिरा का होईना. मी फोनमधून माझाच लेख मोठ्यानं वाचला. आयुष्यात इतकं घाणेरडं वाचन मी केलेलं नाही. जी वाक्यं रात्रभर मला सुंदर वाटली होती ती त्या खोलीत, स्टोव्हच्या शेजारी बसलेल्या त्या बाईसमोर, अंगावर घातलेल्या उसन्या दागिन्यांसारखी वाटत होती. मावशीनं शेवटपर्यंत ऐकलं.

"खरं हाय सारं," ती म्हणाली. "पण मी तुमाले दोघालेच सांगितलं होतं." मग काकाजींना विचारलं, "ते वस्तूचं आता काढता येते का?"

काकाजींचा हात पॅडखाली गेला. तिथे कात्री होती. मग त्यांनी तो तसाच बाहेर काढला. कापायचं कशातून होतं? मी तिथेच बसून ब्लॉगवरची ती ओळ पुसली आणि काढली म्हणून सांगितलं. ऑटोत बसेपर्यंत एका अनोळखी माणसानं तीच ओळ मला फोनवर पाठवली, फुलांच्या चित्रावर लिहून. 'नक्की वाचा,' म्हणाला.

संडासाचं कुलूप निघालं, हेही सांगायला हवं. लोक मला अजून सांगतात, तुझ्या लेखामुळे कुलूप निघालं. निघालं खरं, आणि बोभाटा संपल्यावर परत लागलं. मावशीला त्या भागातल्या कुठल्याही शेडनं घेतलं नाही. ती आता लोकांकडे भांडी घासते.

काकाजी पुन्हा कामठीला गेले. त्याच भिंतीच्या सावलीत, त्याच बायांमध्ये. "काय खटकलं?" एकीनं पदर सावरला, दुसरीनं डबा बंद केला. तिसरी म्हणाली, "काही नाही काकाजी. सारं बरं हाय." ही गोष्ट महालात पोचायला वेळ लागला नाही. टपरीवर काकाजी बसले की बोलणं पावसापाण्यावर यायचं. भाजीवाली म्हणायची, बरं हाय. रिक्षावाला म्हणायचा, बरं हाय गा. ज्या कारकुनांच्या नुसत्या चौकोनांवर सगळे हसले होते तेही म्हणाले, "मुलगा बरा आहे," आणि या वेळी त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. काकाजींना लोकांना समजावता आलं असतं. त्यांनी समजावलं नाही. बोळातल्या एकानं विचारलंच होतं, "तुमच्याजवळ सांगितलेलं त्या पोट्टीच्या फोनमध्ये जात नाही कशावरून?" त्यावर ते म्हणाले, "माह्याच हातचं हाय ते. मीच शिकवलं तिले."

मी त्यांना म्हटलं, लोक बोलत नसतील तर तुम्ही तुमच्या मनातलं लिहा, पण पर्चा बंद करू नका. ते म्हणाले, "माह्या मनातलं वाचाले कोण येते? अन् काहून यावं?" त्या पंधरवड्यात पर्चा निघाला. वर 'काय खटकलं?' आणि खाली दोन्ही बाजूंनी कोरा कागद. झेरॉक्सवाल्याला वाटलं मशीन बिघडलं. पुढच्या पंधरवड्यातही तसाच. मग निघाला नाही. काही दिवसांनी त्यांचा मुलगा, जो कळमेश्वरला कारखान्यात आहे, त्यांना घेऊन गेला.

ब्लॉगवर मी तेव्हापासून काही लिहिलेलं नाही. मला अजूनही राग येतो, रोज येतो, सकाळी पेपर उघडला की येतो. पण माझ्याजवळ आता कोणी सांगितलेलं असं काही नाही. आम्ही नवे लिहिणारे लोकांच्या दुःखातली चमकणारी वस्तू तेवढी उचलतो आणि वाचकांसमोर ठेवतो, आणि वाचक ती बघून पुढे जातात. ज्याची वस्तू, तो मात्र मागे तिथेच उभा असतो.

हा लेख मी दोघांना वाचून दाखवला. आधी मावशीला. तिनं दोन ठिकाणी कापायला लावलं. बाकीचं राहू दे म्हणाली. "आता काय जाणार हाय," हेही तिचंच वाक्य, विचारून ठेवलेलं.

मग कळमेश्वरला गेले. छापलेले कागद नेले, कारण फोनवरचं काकाजींना कापता येत नाही. ते खोलीच्या दारात खुर्चीवर बसले होते. पॅड दिसलं नाही. मी वाचत होते आणि ते डोळे मिटून ऐकत होते. चाळणीच्या जागी हसले. कोऱ्या पर्च्याच्या जागी हसले नाहीत. वाचून संपलं तेव्हा म्हणाले, "नाव काढ माह्यं." ते सगळीकडून काढलं आहे. मग त्यांनी कागद हातात घेतले, बोट ठेवत ठेवत शेवटच्या परिच्छेदाशी आले आणि थांबले. मी तिथे लिहिलं होतं की ही भीती कायमची नसते, लोक एक ना एक दिवस पुन्हा बोलू लागतील.

"हे कोण बोललं?"

"मीच."

"कामठीत कोणी बोललं?"

"नाही."

"महालात?"

मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी आत हाक मारली, "सूनबाई, कात्री देजा." सुनेनं दुधाच्या पिशव्या कापायची कात्री आणून दिली. बोथट होती, कागद सरळ कापला जात नव्हता. त्यांनी सावकाश, वाकडातिकडा, तो परिच्छेद कापून काढला आणि माझ्या हातात ठेवला.

"तुह्यं तुह्याजवळ," म्हणाले.