ज्याची ट्रंक, त्याचा वाटा

आयर्लंडला नर्स म्हणून जायचं ठरलं, तेव्हा आमच्या घरात पहिलं भांडण झालं ते कचऱ्यावरून.

तिथे मी चार अनोळखी बायकांबरोबर एका भाड्याच्या घरात राहणार होते. आमच्या हॉस्पिटलातली नाशिकची एक सिनियर वर्षभर आधी गेली होती, तिनेच त्या घरातली एक खोली माझ्यासाठी बघून ठेवली होती. भाड्यावर आणखी काय काय भरावं लागतं ते तिने व्हॉइस मेसेज करून सांगितलं. लाईट, घर गरम ठेवायचा गॅस, इंटरनेट आणि कचरा उचलून न्यायचे पैसे. मी मेसेज स्पीकरवर लावला होता, तीच चूक झाली. आई पोळी लाटायची थांबली. कचरा आपला, तो न्यायचा त्यांनी, आणि वर पैसेही आपणच द्यायचे, हे तिच्या डोक्यात शिरेना. आम्ही भांडुपला राहतो, चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत पाचव्या मजल्यावर. संध्याकाळी वारा फिरला की कांजूरच्या डम्पिंग ग्राउंडचा वास थेट स्वयंपाकघरात येतो. आईने उठून खिडकी लावली आणि म्हणाली की आपला दिलेला कचरा वासाच्या रूपाने परत येतो, तोही फुकट. भाऊ आणि बाबा हसले. मला हसू आलं नाही, कारण बेरीज मी करत होते.

मला राग याचा यायचा की सगळ्यांना एकच घर दिसत होतं, तिकडचं. मला दोन दिसत होती. भांडुपच्या घराचं लाईट बिल, गॅस, सोसायटीचा मेंटेनन्स, बाबांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या, हे सगळं मुलुंडच्या हॉस्पिटलातल्या माझ्या पगारातून जायचं. बाबा गिरणीत होते, गिरणी गेल्यावर इमारतींवर वॉचमनकी केली. त्यांच्या पेन्शनमध्ये महिन्याचं दूधही भागत नाही. भाऊ माझ्याहून दोन वर्षांनी धाकटा, स्टेशनजवळ मोबाइलच्या दुकानात कामाला. त्याचा पगार कुठे जातो, तर बाईकच्या हप्त्यात. मी गेल्यावर हे घर कसं चालणार, एवढी एकच काळजी मला होती, आणि ती सोडून बाकी सगळ्या विषयांवर घरात चर्चा चालू होती.

त्यात सल्ले देणारे. डोंबिवलीचे काका आले की आधी गुणाकार करायचे. युरोचा भाव विचारायचा, पगाराला गुणायचं, आणि भुवया वर करून आईकडे बघायचं. मजल्यावरच्या बायकांचं तर माझं घर घेऊन, लग्न लावून झालं होतं. पगार सगळ्यांनी रुपयांत मोजला, खर्च मात्र कोणी मोजायलाच तयार नाही. खोलीचं भाडंच माझ्या इथल्या दोन पगारांएवढं आहे असं मी म्हटलं की काका म्हणायचे, अगं पण तिकडे मिळतंय ना तेवढं. यावर काय बोलणार, कपाळ?

खोल्या दोन होत्या. एक महाग, पण सगळी बिलं त्यातच धरलेली. दुसरी स्वस्त, पण बिलं पाच जणींत वाटून घ्यायची. नाशिकची सिनियर स्पष्ट म्हणाली होती की पहिलीच घे, थंडीत घर गरम करायला किती लागेल त्याचा काही नेम नसतो. घरी हे सांगितलं तर भाऊ म्हणाला, गीझरसारखंच ना, पाच मिनिटं लाव आणि बंद कर. आमच्याकडे गीझरची तीच पद्धत. आत आंघोळीला गेलं की बाहेरून आई ओरडते, बंद केलास का. आईचा हिशोब आणखी सरळ होता. तिकडे पंखा नाही, एसी नाही, मग लाईट बिल येणार कशाचं? अंधार पडला की एक दिवा. बाबा म्हणाले, गोधडी ने.

मी समजावून दमले. पाण्याची बादली नाही, अख्खं घर गरम करायचं असतं, भिंतींसकट. कोणी ऐकेना. ज्या माणसांनी जन्मात घर थंड कसं करायचं एवढंच पाहिलं, त्यांना हे कसं पटणार? शेवटी मी स्वस्तातली खोली घेतली. घरच्यांचं पटलं म्हणून नव्हे. कागदावर तिच्यात घरी पाठवायला चार पैसे जास्त उरत होते म्हणून.

मग बाबांनी गावकीच्या खोलीची गोष्ट काढली.

हा विषय निघाला की आमच्या घरात सगळे कामाला लागतात, आई भांडी घासते आणि भाऊ मोबाइल घेऊन जिन्यात जातो. बाबा सिंधुदुर्गातून मुंबईत आले ते लालबागच्या एका खोलीत. ती खोली त्यांच्या गावाची होती, म्हणजे गावातल्या लोकांनी मिळून घेतलेली. गावचा कोणीही पुरुष गिरणीत लागला की तिथे राहायचा. एका खोलीत पंधरा-वीस जण, पाळीपाळीने झोपणारे. सामान म्हणजे प्रत्येकाची एक पत्र्याची ट्रंक, भिंतीला लावून ठेवलेली. भाडं, दिवाबत्ती, पाणी भरणाऱ्याचे पैसे असा सगळा खर्च ट्रंका मोजून वाटायचे, माणसं मोजून नाही. कोणी भातलावणीला गावी गेला, कोणी शिमग्याला जाऊन दोन महिने तिकडेच राहिला, तरी त्याच्या नावाचा वाटा पडायचा. कोणी कुरकुर केली की खोलीचा कारभारी म्हणायचा, तू नाहीस, पण तुझी ट्रंक आहे, आणि तिच्या जागेवर दुसरा कोणी झोपलेला नाही.

"जेची ट्रंक खोलयेत, तेचो वाटो चालू," बाबा म्हणाले. घरात ते बऱ्यापैकी मुंबईचं मराठी बोलतात. खोलीचा विषय आला की जीभ मालवणला जाते.

आणि ट्रंक उचलली की वाटा बंद. मग एक पैसा कोणी मागत नसे. बाबांना भांडुपला स्वतःची खोली मिळाली तेव्हा ते लालबागला जाऊन ट्रंक घेऊन आले, कारभाऱ्याने दारात हात जोडले आणि हिशोब संपला. ती ट्रंक आमच्या माळ्यावर आहे, तिच्यात गणपतीची मखराची झालर असते.

तुझ्या नव्या घरातही हाच नियम लावून घे, म्हणजे भांडण होणार नाही, असं त्यांचं म्हणणं. पण त्या दिवशी मी डबल ड्युटी करून आले होते आणि मला त्या गोष्टीतून एकच ऐकू आलं. मी म्हटलं, "बाबा, माझं सामान इथेही आहे आणि तिथेही असणार. म्हणजे दोन्हीकडचा वाटा माझाच. सरळ सांगा ना, इथले पैसे पाठवत राहा म्हणून. पाठवणारच आहे मी."

बाबा चष्मा काढून पुसत बसले. आई आतून म्हणाली की बापाशी असं बोलतात का. मी जेवले नाही.

नंतरच्या दिवसांत घर म्हणजे गोदाम झालं होतं. मालवणी मसाला, कोकम, सुके बोंबील (यावरून आणखी एक भांडण, बोंबील राहिले), कुकर, दोन स्वेटर, तीन गोधड्या. वजनाचा काटा शेजाऱ्यांकडून आणला होता. तो प्रत्येक वेळी वेगळं वजन दाखवायचा आणि भाऊ प्रत्येक वेळी त्यातलं कमीचं खरं मानायचा. बाबा यात कुठेच नव्हते. मला वाटलं रागावलेत, आणि मलाही माघार घ्यायची नव्हती.

हॉस्पिटलातला शेवटचा दिवस संपवून आले. निरोपाचा केक, फोटो, सगळं झालं होतं. पाय दुखत होते. साडी बदलावी म्हणून कपाट उघडलं तर आत भावाचे शर्ट.

आमच्याकडे लोखंडी कपाट एकच आहे. डावी बाजू आईबाबांची. उजवीकडचे चार कप्पे माझे, शाळेपासून. भावाचे कपडे कायम खुर्चीवर नाहीतर दोरीवर असायचे. आता चारही कप्प्यांत त्याचे शर्ट, जीन्स, चार्जर, एक डिओचा डबा. माझं सगळं पलंगावर, आईच्या दोन जुन्या साड्यांत बांधलेली दोन गाठोडी. त्यातलं एक माझ्या भावकीतल्या चुलत बहिणीला द्यायचं म्हणून आधीच बाजूला काढलेलं.

माझं डोकंच फिरलं. अजून मला विमानात बसायचं होतं, अजून माझा टूथब्रश बेसिनवर होता, आणि माझी जागा वाटूनही झाली. दहा वर्षं या घराची बिलं भरली त्याची ही किंमत, असं मी भावाला म्हटलं. आणखीही बरंच म्हटलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तो गोंधळून गेला होता. "अगं, मी मागितलं का? बाबा बोलले ठेव म्हणून. आणि फुकट नाही ठेवले. या महिन्यापासून लाईट बिल आणि मेंटेनन्स माझ्याकडे आहे. बाईक विकायला लावली त्यांनी, माहितीये?"

मी खिडकीतून खाली बघितलं. बाईकच्या जागेवर कोणाची तरी रिक्षा उभी होती.

बाबा दारात उभे होते. माझ्याकडे न बघता, कपाटाकडे बघत म्हणाले, "तुजा सामान आता हय नाय. तुजो वाटो बंद. कोण तुका पैशे मागूचो नाय. थय थंडीत गॅस लाव."

ते सगळे दिवस ते रागावले नव्हते, हिशोब करत होते. काकांसारखा गुणाकार नाही, कारभाऱ्याचा हिशोब. मुलीवर दोन घरांचा वाटा पडतोय, तर एका घरातली ट्रंक उचलायची. भावाने जागा घेतली, तर वाटाही त्यानेच घ्यायचा. सगळं चोख होतं. आणि मला एवढं रडू आलं की पलंगावर त्या गाठोड्यांशेजारी बसावं लागलं.

रडता रडताही मी चिडलेलीच होते, हे सांगायला हवं. मला कोणी विचारलं होतं का? दहा वर्षं ज्या ओझ्याबद्दल मी कुरकुर केली ते उतरलं होतं, आणि माझ्या लक्षात येत होतं की त्याच्याबरोबर माझा या घरावरचा हक्कही गाठोड्यात गेला. उद्या परत आले तर मी कोण? पाहुणी? खुर्चीवर कपडे ठेवणारी?

मी उठले. सगळ्यात वरच्या कप्प्यातले भावाचे शर्ट काढून खालच्या कप्प्यात कोंबले. गाठोडं सोडलं आणि हाताला येईल ते वर ठेवलं. एक घरातला गाऊन, गणपतीत नेसायची हिरवी साडी, शाळेची रिपोर्ट कार्डं असलेली पिशवी.

"हा माझा," मी म्हटलं.

भावाला वाटलं मी त्याच्यावर डाफरतेय, तो मागे सरला. आई डोळ्याला पदर लावून उभी. बाबा मात्र पुढे आले. त्यांनी कपाटात डोकावून नीट बघितलं. वरून खाली चारही कप्पे, कारभारी बघत असेल तसे.

"चारातलो एक," ते म्हणाले. "म्हणजे पाव वाटो."

"चालेल," मी म्हटलं.

आता आयर्लंडमधला माझा दुसरा हिवाळा चालू आहे. स्वस्तातली खोली स्वस्तात पडली नाही, त्यावर नाशिकच्या सिनियरचं ऐकवायचं ते ऐकवून झालं आहे. पहिल्या वर्षी नाताळात आमच्यातल्या दोघी महिनाभर आपापल्या देशी गेल्या आणि परत येऊन म्हणाल्या की आम्ही नव्हतो तर आम्ही गॅसचे पैसे का द्यायचे. स्वयंपाकघरात चांगलीच वादावादी झाली. त्या भरात मी विचारलं, तुमच्या बॅगा खोलीत होत्या ना? खोली दुसऱ्या कोणाला दिली होती का? मग वाटा पडतो. पुढे लालबागची खोली, वीस ट्रंका, कारभारी, सगळं माझ्या तोडक्या इंग्रजीत सांगितलं. एकीने पैसे दिले. दुसरीने आठवडाभर तोंड फुगवून दिले. बाबांना हे फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं की गॅस लावतेस ना.

पाव वाटा मी दर महिन्याला पाठवते. आई म्हणते कशाला, तो भरतोय की. भाऊ भरतो हे खरं आहे, आणि बाईक परत घ्यायची म्हणून आताशा उरलेलं साठवतोही. पण मी पाठवते.

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर आई कोकम सरबताचं काहीतरी सांगत होती. तिच्या मागे कपाट उघडं होतं. माझ्या कप्प्यात, हिरव्या साडीवर, भावाचं नवं हेल्मेट.

मी आईला म्हटलं, सरबताचं नंतर सांग. आधी बाबांना बोलव.