टोणग्याच्या भावात जावई

मी कमी बोलतो, याचं आमच्याकडं कौतुक आहे. माणूस गंभीर आहे, विचारी आहे, असं लोक समजतात. खरं कारण वेगळं होतं. मला एक गोष्ट दडवायची होती आणि तोंड उघडलं की तीच आधी बाहेर पडेल, अशी धास्ती होती. म्हणून मी हवापाण्यावरसुद्धा बोलणं टाळत असे.

आता सांगून मोकळा झालोय, तर लिहितोही. मी माझ्या सासऱ्यांना स्वतःला विकलं. किलोवर.

मी काटेवाडीच्या बाजूचा. ऊस, चार संकरित गाई, दोन म्हशी. सासरे इंदापूरच्या अलीकडच्या एका गावातले, जनावरांचे व्यापारी. मी त्यांना मामा म्हणतो, बाजारात त्यांना सगळे तात्या म्हणतात. गाईच्या खोंडांचा व्यवहार कायद्यानं बंद झाल्यापासून त्यांचा धंदा म्हशींवर आणि टोणग्यांवर आला. टोणगा म्हणजे म्हशीचा नर. तो दूध देत नाही आणि ट्रॅक्टर आल्यापासून औतालाही कुणी जुंपत नाही. त्याला किंमत असते ती अंगावरच्या मांसाची. पुढं त्याचं काय होतं ते सगळ्यांना माहीत असतं. पण विकताना आम्ही "बाहेर चाललाय" एवढंच म्हणतो, जणू त्याला परगावी नोकरी लागलीय.

मामांची ख्याती त्यांच्या डोळ्याची. जनावराभोवती एक चक्कर, पाठीवर एक थाप, आणि वजनाचा आकडा. त्यांच्या वडिलांची मेंढरं होती, तिथं हा डोळा तयार झाला म्हणे. बाजारात दोघांचं वजनावरून जुंपलं की तिसरा म्हणायचा, "तात्यांना बोलवा." घरातही तेच. बाळंतिणीचं मूल काट्यावर जायच्या आधी मामांच्या हातात जायचं, मग नर्स काय म्हणते ते ऐकायचं. माझ्या लग्नातला सफारीसुद्धा त्यांनी माप न घेता शिवून आणला. शिंप्यानं माप मागितलं तर म्हणाले, "पोरगा बगितलाय मी." सफारी अंगावर असा बसला, की मला माझ्याच अंगाची नव्यानं ओळख झाली.

तर माझ्याकडं एक टोणगा तयार झाला होता. मामा मोटरसायकलवर बघायला आले. खरं तर जनावराचा सौदा रुमालाखाली होतो. घेणारा आणि विकणारा हात मिळवतात, वर टॉवेल टाकतात आणि आत बोटं दाबून भाव बोलतात. बघणाऱ्याला फक्त टॉवेल हललेला दिसतो. पण मामांनी खांद्यावरचा टॉवेल खांद्यावरच ठेवला.

"पाहुणं, तुमच्याशी रुमाल न्हाय टाकायचा मला. जावयाचा हात लग्नात एकदा धरला, त्यो पोरीचा हात द्यायला. आता भाव पाडायला कसा धरू?"

मला कमी सांगणं त्यांना जड, त्यांच्याकडं जास्त मागणं मला जड. दोघंही टोणग्याकडं बघत उभे राहिलो. टोणगा रवंथ करत होता. शेवटी मामांनीच तोडगा काढला. बाजारात चालू असलेला किलोचा भाव धरायचा आणि वजन काट्यावर करायचं, म्हणजे कुणी कुणाला काही बोलायला नको.

"तसा आकडा मी सांगून ठेवतो," ते म्हणाले. चक्कर मारली, थाप मारली. मग माझ्याकडं वळले. "पाणी किती पाजलंय?"

"नेहमीचंच."

"नेहमीचं मीठ टाकून का बिगरमिठाचं?"

मी टोणग्याचं दावं नीट करायला वाकलो. सकाळी मी त्याला मूठभर मीठ चाटवून तीन बादल्या पाणी पाजलं होतं. सगळे पाजतात.

"असू द्या. काट्यापत्तुर त्ये रस्त्यातच सोडतंय," मामा म्हणाले. "पाणी वगळून चारशे धा." आणि मोटरसायकलला किक मारून पुढं गेले. पाण्याचं त्यांचं म्हणणं खरं झालं. टोणग्यानं रस्त्यातच सगळं सोडलं, तेही मागून येणाऱ्या एका दुधाच्या गाडीवर.

टोणगा मामांनी ठरवलेल्या टेम्पोत मागं, आणि पुढं ड्रायव्हरशेजारी मी. माझी बायको तेव्हा माहेरी होती, तिला आणायला म्हणून मीही निघालो होतो. रस्त्यालगतच्या वजनकाट्यावर, उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं आमचा नंबर लागला. टेम्पो काट्यावर चढला तसा ड्रायव्हर म्हणाला, "पाहुणं, काट्यावर खाली उतराय लागतंय." मी दाराला हात घातला. त्यानं एकदा बाहेरच्या उन्हाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

"राहू द्या, बसा. जावयाला उन्हात हुबा क्येला म्हणून तात्यांच्या शिव्या कोन खाईल?"

मीही बसलो. डोक्यावर टॉवेल घेऊन चांगला ऐसपैस बसलो. मामा काट्याच्या खोलीत होते. टेम्पोच्या काचेवर 'आई-वडिलांचा आशीर्वाद' एवढ्या मोठ्या अक्षरांत चिकटवला होता, की आत जावई आहे की आशीर्वाद, हे बाहेरून कळलं नसतं.

पुढं टेम्पोनं मला सासरी सोडलं आणि तो टोणगा उतरवायला गेला. तिथून रिकामा टेम्पो पुन्हा काट्यावर जाणार, आणि भरल्या वजनातून रिकामं वजा करणार. त्या वेळी मी ओट्यावर बसून कांदाभजी खात होतो. भजी गरम होती, मामी आग्रह करत होत्या, आणि जगात काही वजा व्हायचं राहिलंय असं माझ्या मनातही नव्हतं.

मामा आले. हातात दोन चिठ्ठ्या. बराच वेळ त्यांनी पायताण काढलं नाही.

"चारशे नव्वद," ते म्हणाले.

माझ्या तोंडात भजं होतं. ऊसतोडीच्या तळावर आरोग्य शिबिर झालं होतं तेव्हा, फुकट आहे म्हणून, मीही काट्यावर उभा राहिलो होतो. ऐंशी भरलो होतो. चारशे दहा आणि ऐंशी. हिशोब तोंडातल्या भज्यावरच पूर्ण झाला. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण भजं गिळेपर्यंत मामांनी पैसे मोजून माझ्या हातात ठेवले आणि म्हणाले, "तुमचा टोणगा झकास निघाला, पाहुणं. माझाच डोळा गेला." पैसे हातात आल्यावर बोलणं आणखी अवघड झालं. दुसऱ्या दिवशी त्याहून अवघड. मग मी ते अवघडच ठेवलं.

त्या जादा पैशातून बायकोला मोठा कुकर घेतला. उरलेले खतात गेले. कुकरनं शिट्टी दिली की मला दचकायला व्हायचं. बायको म्हणायची, "डाळ शिजतीय, तुमचं काय शिजतंय?"

मामा बारामतीला डोळे तपासायला गेले. डॉक्टर म्हणाले, नजर उत्तम आहे, या वयात सुई ओवाल. मामांना ते ऐकून जास्तच वाईट वाटलं. डोळा चांगला आणि अंदाज चुकतोय, म्हणजे बिघाड त्याहून आत आहे, असं त्यांनी धरलं. मामींनी महिनाभर गाजरं चारली. गाजरांनी काही झालं नाही, तेव्हा मामांनी स्वतःच उपाय काढला. आपला डोळा ऐंशी किलो कमी दाखवतो असं ठरवून ते प्रत्येक आकड्यात ऐंशी मिळवू लागले.

म्हशींच्या बाबतीत एक वेळ खपलं असतं. पण कुणीतरी शेळी दाखवली तेव्हा मामांनी तिच्याभोवती चक्कर मारली, थाप मारली, मनातल्या मनात मिळवलं आणि म्हणाले, "एकशे पाच." बाजार हसला. त्यानंतर पोरंसोरंही विचारू लागली, "तात्या, ह्या कोंबडीला रिक्षा करावी का टेम्पो?" मामा पुढच्या आठवड्यात बाजारात गेले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. गोठ्यासमोर खाट टाकून बसायचे आणि कुणी वजन विचारलं तर म्हणायचे, "काट्याला इचारा."

मेव्हण्याला मुलगी झाली तेव्हा मी दवाखान्यात होतो. मामींनी बाळ मामांपुढं धरलं. सगळे आकड्याची वाट बघत थांबले, नर्ससुद्धा. मामांनी हात मागं घेतले. "ठेवा काट्यावर," म्हणाले, आणि बाहेर जाऊन बाकड्यावर बसले. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. सांगायलाच बसलो होतो. त्यांनीच विचारलं, "च्या घेता का?" मी घेतो म्हणालो. चहा प्यालो आणि घरी आलो.

मग आठ-नऊ महिन्यांनी अधिक महिना आला. धोंड्याच्या जेवणाचं बोलावणं आलं. आमच्याकडं या महिन्यात जावयाला पुरणाचे धोंडे खाऊ घालतात, कपडे करतात, पाटावर बसवून ओवाळतात. मी दुखण्याचं सोंग काढायचा प्रयत्न केला, पण बायकोनं मला ओढतच नेलं.

पाटावर बसलो. बारा धोंडे पोटात गेले. मग मामांनी पुडकं पुढं केलं. आत शर्ट.

"नजरंनंच आनलाय," ते जरा चाचरत म्हणाले. "माप न्हाय घेतलं. डोळा कमी दावतोय, म्हणून वाढवून घ्येतलाय."

मी शर्ट अंगात घातला. खांदा कोपरावर आला. बाहीत माझी मांडी मावली असती. मेव्हणा म्हणाला, "दाजी, आत आजून कोन हाय का?"

सगळे हसले. मामा हसले नाहीत, ते शर्टाकडं बघत होते. आणि मला त्या शर्टात, माझ्या शेजारी, एका अख्ख्या माणसाची रिकामी जागा दिसत होती. बरोबर ऐंशी किलोची.

"हाय," मी म्हणालो. "आत मीच हाय. मामा, तवा टेम्पोतबी मीच हुतो."

कुणाला काही कळेना. म्हणून मी सगळं सांगितलं: काटा, ऊन, ड्रायव्हर, आशीर्वाद, भजं. मीठसुद्धा सांगितलं, ते कुणी विचारलंही नव्हतं. कुकरवर आलो तेव्हा बायकोनं कपाळावर हात मारून घेतला.

मामा उठले. मला वाटलं, आता पायताण.

"म्हंजी," ते हळू म्हणाले, "टोणगा चारशे धाच हुता?"

"व्हय."

"पाणी वगळून?"

"पाणी वगळून."

"आगं ऐकलं का!" मामा ओरडले. "चारशे धाच हुता! डोळा हाय! जावई जादा झाला हुता!" त्यांनी खिशातून मोबाईल काढला आणि बाजारातल्या एकेका माणसाला फोन लावला. प्रत्येकाला पहिल्यापासून सांगितलं. मी पाटावर तसाच, त्या शर्टात, ओवाळायचा राहिलेला. निरांजन हातात धरून मामी विचारत होत्या, आता यांना ओवाळायचं का नाही?

"ओवाळा की, इकत घ्येतलाय म्या त्याला," मामा फोनवर हात ठेवून म्हणाले. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांनी मला 'त्याला' म्हटलं. बरं वाटलं.

फोन झाल्यावर ते माझ्याभोवती फिरले. एक चक्कर. पाठीवर एक थाप, चांगली सणसणीत.

"तवा ऐंशी हुतास. आता एक्क्याण्णव. त्यातलं सव्वा किलो आजचं धोंडं."

मी चाचरत म्हणालो, "मामा, त्या ऐंशी किलोचं पैसं मी..."

"पैसं कसलं? माल घ्येतलाय म्या. माल द्ये." आणि त्यांनी गोठ्याकडं बोट केलं. शेण सकाळपासून पडून होतं.

धोंड्याच्या दिवशी जावयाला शेण काढायला लावल्याचं आमच्या भागात दुसरं उदाहरण नसेल. मी काढलं. नवा शर्ट गुडघ्यापर्यंत येत होता, त्यामुळं विजार तेवढी वाचली. मामा खाटेवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "ह्यो आमचा जुना टोणगा. बाहेर जायचा राहिला." मेव्हण्याची मुलगी रांगत खाटेपाशी आली. बोलता बोलता त्यांनी तिला उचललं, तळहातावर जरा तोललं आणि सहज म्हणाले, "साडेआठ." मामी दारातच थांबल्या. काटा आणायला कुणी उठलं नाही.

मामा आता पुन्हा बाजारात जातात. यंदा माझ्याकडं दुसरा टोणगा तयार झाला, तेव्हा ते बघायला आले. चक्कर, थाप. मी म्हणालो, "मामा, काट्यावर घालू. यावेळी मी घरीच थांबतो."

"काटा कशापाय?" त्यांनी माझा हात हातात घेतला आणि खांद्यावरचा टॉवेल वर टाकला. आत त्यांच्या बोटांनी माझी दोन बोटं दाबली, सोडली, मग अर्धं बोट. मी नाही म्हणून मनगट हलवलं. त्यांनी पुन्हा तीच बोटं दाबली. चेहरा असा, जसं काही आम्ही पावसाची वाट बघत उभे आहोत. खूप वेळ हात सोडला नाही. शेवटी मी मान डोलावली, आणि नंतर शेजाऱ्याकडून कळलं की त्या दिवशी बाजारात त्याहून किलोमागं पंधरा रुपये जास्त चालू होते.