ट्रॉलीवरच्या स्पीकरची जोडणी माझी होती

१. आज सकाळी गल्लीतल्या हळदीला माझ्या चुलतभावाने, संदीपदादाने, ट्रॉलीवर स्पीकरची भिंत लावली.
२. दहा मिनिटांत चंद्रकलाकाकूंच्या खिडकीची काच फुटली.
३. काकू खिडकीशीच बसल्या होत्या. त्यांना डाव्या कानाने ऐकू येत नाहीये.

सगळे दादावर ओरडले. मी त्यांच्यातच उभी होते.

इंडोनेशियात मिरवणुकीत ट्रकभर स्पीकर लावतात. त्याचे व्हिडिओ आम्ही दोघं महिनाभर बघत होतो. "आपुनबी करू की! तू इंजिनिअर हायस ना?" दादा म्हणाला. मी जोडणीची आकृती काढून दिली. मोबाईलचा माइक मोठा आवाज दाबतो, त्यामुळे व्हिडिओत खरा आवाज कळत नाही, हे मला माहीत होतं. तरी मी आवाज मोजून पाहिला नाही.

दुपारी काकूंकडे गेले. "काकू, चुकलं," एवढंच म्हणाले. माझ्या ओठांकडे बघत त्या म्हणाल्या, "तुजं काय चुकलं गं? त्या संद्याला शिकीव जरा."

तिथेही मी खरं सांगितलं नाही, म्हणून गल्लीच्या ग्रुपवर लिहितेय. उद्या काकूंना नगरला कानाच्या डॉक्टरांकडे नेतेय. निघण्याआधी त्यांना सांगेन.

आणखी कोणाला कमी ऐकू येत असेल किंवा कानात शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर शुक्रवारपर्यंत कळवा. दादाला नको, मला.