बाबांची नखं

सर्व ग्रामस्थांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते, की उमरोळीत माझ्या वडिलांच्या पायाची नखं अखेर कापली गेली! नखं रुतून चालणं बंद, स्टेशनावरच्या गप्पा बंद. तरी आम्हाला पाय शिवू देत नव्हते.

बोईसरच्या चर्चमधली एक बाई रविवारची मिस्सा आटोपून म्हाताऱ्यांची नखं कापत फिरते. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं. पदर खोचून ती जमिनीवर बसली आणि तिनं बाबांचा पाय मांडीवर घेतला.

"माजे पाय कशाला धरतेस?" बाबा गुरगुरले.

"आमच्या येशूनं शिष्यांचे पाय धुतले, बाबा. मी नुसती नखं कापते."

बाबांनी पाय सैल सोडला. पण करंगळीची पाळी आली, तसा तो करारी म्हातारा खाटेवर लोळत ओरडला, "अगो बाय, तुज्या देवाला सांग, गुदगुल्या होतात!"