चावडीसमोरची घोडी

छाया केदारेला कुणी ‘प्राणीप्रेमी’ म्हटलं की तिचं डोकं फिरतं. “प्रेम घरी करा. जनावराला पाणी लागतं, सावली लागते, आणि त्याच्या अंगावर चढायच्या आधी त्याच्याकडे नीट बघणारा माणूस लागतो,” हे तिचं ठरलेलं उत्तर. नाशिकरोडच्या आमच्या कॉलनीत तिच्या घराला आणि माझ्या घराला भिंत एकच. त्यामुळे तिची निम्मी भांडणं मला घरबसल्या ऐकू येतात, आणि खोटं कशाला बोलू, मला ती आवडतात.

दिवसा ती महापालिकेच्या शाळेत क्लार्क. एका संक्रांतीला नायलॉन मांजात अडकून तारेवर लटकलेली घार तिनं वायरमनला गाठून, हातापाया पडून खाली उतरवली आणि जनावरांच्या सरकारी दवाखान्यात नेली. तिथल्या कंपाउंडरकडून पट्टी बांधायला शिकली, ती शिकतच गेली. पुढं रस्त्यावरची कुत्री आली, नाल्यात पडलेली गाढवं आली. आणि मग वरातीतल्या घोड्या.

नाशिकची लग्नसराई तुम्हाला ठाऊक आहे. रस्त्याच्या दोन्ही अंगांना लॉन्स, प्रत्येक फाटकाशी एक सजवलेली घोडी, तिच्या कानाशी डीजे आणि पायाशी फटाके. सगळ्यांना वाटलं, ही बाई आता घोड्या बंद करा म्हणणार. छाया तसलं काही म्हणाली नाही. “कुणाच्या पोटावर पाय देऊन कुणाचा पाय वाचत नसतो,” असं म्हणत ती थेट घोडेवाल्यांच्या वस्तीत जाऊन बसली. सोमनाथ नावाचा घोडेवाला पहिल्या दिवशी तिच्या अंगावर धावून आला होता. वर्षभरात तोच तिचा उजवा हात झाला. डीजे लांब, फटाके नाहीत, झिजलेली नाल चालायची नाही, आणि घोडी लंगडली की नवरदेव खाली. हे तिचे नियम. अमलात आणायची रीतही तिचीच. वरातीत शिरायचं, कुणाशी न बोलता आधी घोडीचा पाय उचलून बघायचा, आणि मग नवरदेवाच्या बापाकडे वळायचं.

एकदा एका नगरसेवकाच्या पुतण्याला तिनं भर वरातीत खाली उतरवलं. काका लाल झाले, ओळखी सांगायला लागले. “ओळख तुमची मोठी असेल, पाय हिचा आहे,” छाया म्हणाली. नवरदेव मुकाट्यानं कारमधून गेला. दुसऱ्या दिवशी कॉलनीत त्या प्रसंगाच्या इतक्या नकला झाल्या की हसून पोट दुखलं.

मग तिच्या भावाचं, संघर्षचं लग्न ठरलं, आणि नकला करणारे कान टवकारून बसले.

कारण तिचे वडील, मल्हारीनाना. साधा, रिटायर माणूस, आयुष्यात कशाचा हट्ट केला नाही. पण या लग्नात दोन गोष्टी हव्याच म्हणाले. लग्न नांदगावकडच्या त्यांच्या मूळ गावी, आणि मुलाची वरात घोडीवरून, चावडीसमोरून. नानांचे वडील सावळीराम यांच्या लग्नात कुणा पाहुण्यानं हौसेनं घोडं आणलं होतं. चावडीसमोर गावानं त्यांना खाली ओढलं. बाशिंग मातीत पडलं. सावळीराम मरेपर्यंत गावात राहिले, पण चावडीवरून कधी गेले नाहीत; शेताच्या बांधावरून लांबचा वळसा घालायचे. नानांनी लहानपणी बापाचं बोट धरून तो वळसा घातलेला. संघर्ष घोडीवर बसून चावडी ओलांडेल, तेव्हा तो वळसा संपणार होता. छायाला हे सांगायची गरज नव्हती. तिनं स्वतः सोमनाथची सगळ्यात शांत घोडी ठरवली.

लग्नाच्या दिवशी छाया मंडपाच्या कामात होती. नानांनी घोडीचे पाय बघितले. नाल थोडी झिजलेली वाटली. लेकीला घरच्याच कार्यात बोलायला जागा नको म्हणून त्यांनी, कुणाला न विचारता, गावातल्या नालबंदाकडून सकाळीच नव्या नाला मारून घेतल्या. सोमनाथ चहा पिऊन येईपर्यंत काम झालंही. त्यानं कपाळाला हात लावला. “नाना, कामाच्या दिवशी नाल मारत नसतात,” एवढंच म्हणाला. पण नानांचा चेहरा इतका खुलला होता की त्याच्यानं पुढं बोलवलं नाही.

वरात निघाली. डीजे नाही, बँड पुढं, चांगला लांब, भीमगीतं वाजवत. निळा फेटा बांधून नाना लगाम धरून चालत होते. त्यांची चाल बघून मला भरून आलं. चावडी समोर दिसायला लागली, ओट्यावर माणसं बसलेली, आणि तेवढ्यात घोडी पावलागणिक मान उडवायला लागली.

छाया मागच्या बायकांतून पुढं आली. पैठणी खोचून खाली बसली, पुढचा पाय उचलला, खुरावर हात ठेवला. घोडीनं पाय हिसकला.

“खिळा जिवंत खुरात गेलाय. संघर्ष, उतर.”

“चावडी ओलांडू दे,” नाना हलक्या आवाजात म्हणाले. “चार पावलं, छाया. जन्मात तुझ्याकडं काही मागितलं नाही.”

“नाही मागितलंत, नाना.”

“माझ्या बापाला हितंच खाली ओढलं गं.”

छाया हटली नाही. “आजोबांना ओढणाऱ्यांना त्यांचं दुखणं दिसलं नव्हतं. मला हिचं दिसतंय. न दिसल्यासारखं कसं करू?”

संघर्ष बापाकडे बघत राहिला. मला वाटलं, आता बापलेकीचं जन्माचं तुटतंय. नानांनी एकदा चावडीकडे बघितलं, एकदा घोडीकडे. मग हात वर करून बँड थांबवला आणि मुलाला म्हणाले, “उतर, बाळा.”

सोमनाथनं पक्कड आणली, खिळा उपसून काढला. नानांनी फेट्याचा शेमला टरकन फाडून छायाच्या हातात दिला. तिनं खूर बांधला. नानांच्या हातात लगाम, एका बाजूला नवरदेव, दुसऱ्या बाजूला लेक, मध्ये रिकाम्या पाठीची घोडी. तिला झेपेल अशा चालीनं सगळी वरात चावडीसमोर आली.

ओट्यावरच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, “का रं मल्हारी, नवरदेव पायी? घोडी हाय ना संगं?”

नाना थांबले. बँड बंद होता, त्यामुळे पार शेवटच्या माणसापर्यंत ऐकू गेलं.

“हाय की. तिचा पाय दुखतोय,” नाना म्हणाले. “आमच्यात दुखणाऱ्याच्या पाठीवर कुणी बसत नाय.”