पाच किलोची रजई

प्लास्टिक पांघरून माणसाला झोप येते, हे मला अजून पटलेलं नाही. गेल्या साली थंडी लागायच्या आधी सुनेनं फोनवर बोटं फिरवून तीन कंबलं मागवली. थैलीतून काढली तर हाताला गुळगुळीत, लोण्यासारखी, अन् मधोमध वाघाचं तोंड. झटकली की चटचट ठिणग्या उडत. ठिणग्या उडणारं पांघरूण! त्यावर सून मला समजावते, "मामाजी, धुवायला किती सोपं हाय पाहा." धुवायला बादलीही सोपी असते. म्हणून काय बादली पांघरायची?

आमचं घर सौंसरात, वावर गावाबाहेर. संत्र्याची बाग अन् तिला लागून कापूस. ज्याच्या पडवीत दिवाळीपासून कापसाचा ढीग पडतो, त्याच्या घरात माणसं वाघाचं प्लास्टिक पांघरतात, ही गोष्ट लाजेची आहे हे माझ्या मुलाला कळत नाही. तो शाळेत शिकवतो. मी चौथीतून उठलो, म्हणून मला कळते.

ही रजईची गोष्ट मात्र मुलीमुळं सुरू झाली. ती पुण्याला असते, नोकरी करते. दिवाळीत तिला सासरी राहावं लागते, म्हणून माहेरी यायची ते नातीच्या शाळेला नाताळची सुट्टी लागली की. आमच्या घरात नाताळाचं दुसरं काही नाही. आमच्यासाठी नाताळ म्हणजे पोरगी घरी येणं, एवढंच. तर कंबलं आली त्याच्या आदल्या साली ती आठ दिवस राहते म्हणून आली अन् तिसऱ्या दिवशी बॅग भरून उभी. काय झालं? नात शिंकली. सहा वर्षांचं लेकरू शिंकलं म्हणून माहेर सोडलं! आम्ही सहा भावंडं पूर्ण हिवाळा शिंकत होतो, आईनं कुठं जायचं होतं?

पुढल्या साली नोव्हेंबरात तिचा फोन आला. सगळ्यांना ऐकू यावं म्हणून माझ्या म्हातारीनं आवाज मोठा केला.

"बाबा, वीस डिसेंबरला येतो आम्ही. पण पंचवीसचं परतीचं तिकीट काढून ठेवलं आहे."

"काहून? सुट्टी तर एक तारखेपर्यंत हाय ना?"

"हिला थंडी सोसत नाही हो तिथली. सोसली तर तिकीट रद्द करीन. नाहीतर पंचवीसला निघते."

फोन ठेवल्यावर मी बोटं मोजली. पाच दिवस! पाहुणेही यापेक्षा जास्त राहतात. सून म्हणाली, "मामाजी, आपण हिटर घेऊ." मुलगा म्हणाला, "खिडक्यांना रबर लावू." दोघांचं ऐकून घेतलं अन् पडवीत जाऊन पहिल्या वेचणीचा कापूस हातात धरून पाहिला. पांढरा, लांब धाग्याचा, कचरा नाही. म्हटलं, पोरीच्या तिकिटाला उत्तर हे आहे.

कापसातून सरकी काढल्याशिवाय रजई होत नाही. एक पोतं सायकलला बांधून जिनावर, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, घेऊन गेलो. तिथली माणसं हसली. "बाबाजी, एवढ्यानं तर मशीनच्या दाढेलेही लागत नाही. गाडी भरून आणा." ज्यांच्या दारात आयुष्यभर गाड्या भरून नेल्या, त्यांना माझं एक पोतं जड झालं. पोतं परत सायकलला बांधलं.

मग घरीच बसलो. गुळगुळीत दगड घ्यायचा, त्यावर कापसाची पाकळी ठेवायची अन् वरून लोखंडाची सळई दोन्ही तळव्यांनी लाटण्यासारखी फिरवायची. सरकी पुढं निसटते, रुई मागं राहते. माझी आई असंच काढायची. दिसायला सोपं आहे. माझ्या मुलानं एकदा करून पाहिलं, तर सरकी फुटून रुईला तेल लागलं. त्याला उठवला. म्हटलं, जा, खिडकीचं रबर लाव.

म्हातारी दोन दिवस नुसती पाहून राहिली. तिसऱ्या दिवशी दुसरा दगड घेऊन समोर बसली.

"अजी, तुमच्या हिशेबानं तर नातीच्या लग्नालाच होईन ही रजई. सरका तिकडे, मले ऊन येऊ द्या."

जेवण झालं की उन्हात आम्ही दोघं सळया फिरवायचो. शेजारचा एक निवृत्त बाबू रोज गेटातून पाहायचा अन् म्हणायचा, "काका, आजकाल सगळं रेडिमेड भेटते." त्याच्या घरात दातापासून देवापर्यंत सगळं रेडिमेड आहे. मी आपली सळई फिरवत राहिलो. वीस-बावीस दिवसांत पंधरा किलो कापसाची पाच किलो रुई निघाली. तळव्यांना घट्टे पडले, पण सरकीचा एक दाणा दाखवून द्यावा कोणी.

रुई पिंजायला पांढुर्ण्याला न्यावी लागली. सौंसरातल्या पिंजाऱ्यानं दुकानात गाद्या विकायला ठेवल्या अन् पिंजणं सोडलं. गाठोडं घेऊन बसमध्ये चढलो. पांढुर्ण्याचा पिंजारी माझ्याच वयाचा, डोक्यापासून भुवयांपर्यंत रुईनं माखलेला. मूठभर रुई त्यानं उजेडात धरली, ओढून पाहिली.

"हातची हाय जी ही?"

"हाव."

"लई वर्षांनी पाहिली." मग माप विचारलं. मी सांगितलं, सात वर्षांच्या पोरीची. तो म्हणाला, "मंग दोन किलो भरतो. बाकीची घरी घेऊन जा, उशा होतीन."

"मी किती आणली?"

"पाच."

"मंग पाच भर."

"जड होईन ना जी, लेकराची हाय म्हणता."

"तुले उचलायची हाय का?"

त्यानं पाचही किलो भरली. आता हे सांगितलं पाहिजे की आमच्याकडं रजईची इज्जत तिच्या वजनानं होते. लग्नात कोणी रजई दिली तर बाया ती आधी हातात तोलून पाहतात, कापड मागाहून. दोन किलोची दिली असं म्हटलं की तोंड वाकडं होते. माझी आई चार किलोच्या रजईखाली झोपली अन् तिचं नाव पूर्ण आळीत होतं. मग माझ्या नातीला दोन किलो? उरलेल्या तीन किलोच्या उशा? पुण्यात जाऊन तिनं काय सांगावं, आजोबाकडं कापूस कमी पडला?

घरी आणल्यावर म्हातारीनं तिच्या जुन्या लुगड्याची खोळ चढवली. धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती लुगडं. दाभणानं टाके घालता घालता तिचा हात थांबला.

"अजी, दाभण जात नाही इच्यातून. लेकरू झोपवून राहिले का गाठोडं बांधून राहिले?"

"तू टाके घाल."

घातले. सुनेला मी रजई दाखवली नाही, पण तिनं उचलून पाहिलीच, अन् दोन्ही हातांनी सावकाश खाली ठेवली.

वीस तारखेला मुलगी अन् नात आल्या. नात दारातून आत आली नाही तर तिला नाताळचं झाड पाहिजे. सुनेलाही तेच पाहिजे होतं, निमित्त भेटलं. दोघींनी वावरातून बोंडं फुटलेली एक पऱ्हाटी, कापसाचं अख्खं झाड, आणली, बादलीत मातीत रोवली, वर कागदाची चांदणी लटकवली. नात मला म्हणते, "आजोबा, बघा, झाडावर बर्फ पडलाय."

म्हटलं, "बर्फ नाही तो. कापूस आहे, अन् माझा आहे."

"पण बर्फासारखा दिसतो."

"बर्फ कापसासारखा दिसत असेल. कापूस आधीचा."

तिनं आईकडं पाहिलं. आई हसली. शहरात लेकरांना जे पाहिलं नाही ते शिकवतात अन् जे पाहिलं ते विसरवतात.

त्या रात्री नात झोपायला गेली तेव्हा मी स्वतः रजई तिच्यावर घातली. सकाळी उठून पाहतो तर रजई जमिनीवर एकटी पडली होती, अन् नात सुनेच्या खोलीत, वाघाखाली.

चहाच्या वेळी ती माझ्याजवळ आली. "आजोबा, तुमची रजई माझ्यावर बसली होती. मला कूस बदलता येईना."

सगळं घर हसलं. मुलगा तर कप खाली ठेवून हसला. म्हातारीनं तेवढं तोंडाला पदर लावला. मी म्हटलं, "आजकालच्या लेकरांत दम नाही," अन् चहा अर्धा ठेवून वावरात निघून गेलो.

पण हसण्यावर थांबलं असतं तर बरं होतं. प्लास्टिकखाली नातीला घाम येई, मग ती पाय झटकून ते फेकून देई, अन् पहाटेची थंडी उघड्या अंगाला लागे. दोन दिवसांनी शिंका सुरू झाल्या. मुलगी तिच्या कपाळाला हात लावून पाही अन् लगेच फोनमध्ये पाही. काय पाहते ते न सांगता कळत होतं. म्हातारी स्वयंपाकघरातून मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सुनेला म्हणाली, "पंचवीसले डब्यात काय द्यायचं त्याईले?"

चोवीस तारखेला जेवण झाल्यावर मी रजई अंगणात खाटेवर टाकली अन् दाढीच्या ब्लेडनं टाके उसवायला बसलो. कोणाला विचारलं नाही. पाच किलो जास्त होते असं मला वाटत नव्हतं. खोळ लहान झाली होती. पण खोळ मोठी करायला वेळ नव्हता, म्हणून रुई काढावी लागली.

म्हातारी दारात येऊन उभी राहिली.

"काय करून राहिले?"

"दिसत नाही?"

"दिसते ना. किती काढता?"

"पाहतो."

"तीन काढा," ती म्हणाली अन् आत गेली. टाके घालायला मात्र आली नाही. हाक मारली तर आतून म्हणाली, "मी एकदा घातले. आता ज्यानं उसवले त्यानं घालावे." चाळीसच्या वर वर्षं संसार केला, तिला कुठं वार करायचा ते बरोबर कळते.

तर मी दाभण घेतलं. बैलाची झूल शिवली आहे मी, पोती शिवली आहेत. रजईचे टाके वेगळे असतात हे दहाव्या टाक्याला कळलं. रुई एका कोपऱ्यात जाऊन बसू लागली. तेवढ्यात मुलगी लॅपटॉप घेऊन उन्हात आली, माझ्याकडं पाहत राहिली, मग लॅपटॉप मिटून खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसली.

"द्या बाबा. आईनं शिकवलं होतं मला."

"तुला जमते?"

"तुमच्यापेक्षा वाईट तर नाही जमणार."

तिनं माझे टाके पाहिले अन् अर्धे काढून टाकले. मला राग आला. पण ती रुई हातानं पसरवत, थोपटत, एकेक टाका घालत होती ते बरोबर होतं, म्हणून मी दोरा ओवून द्यायच्या कामाला लागलो. नजर कमी झाली आहे, पण ते मी तिला सांगितलं नाही. ती न विचारता माझ्या हातून दोरा घेई अन् स्वतःच ओवून घेई.

"एवढी रुई हातानं काढली तुम्ही?" मध्येच तिनं विचारलं.

"तुझ्या आईनं अर्धी."

"कशाला?"

"जिनवाले बदमाश आहेत म्हणून."

तिनं एक टाका घट्ट ओढला. बराच वेळ टाके घालत राहिली. फोन दोनदा वाजला, तिनं उचलला नाही.

तिकडं सुनेचा केक चालला होता. कुकरमध्ये मीठ घालून, शिट्टी काढून, त्यात संत्र्याची साल किसून. फुगला. इतका फुगला की झाकणाला लागला, अन् ती तो ताटात घेऊन चार घरी दाखवायला गेली, जसा काही जामसावळीच्या देवळातून प्रसाद आणला. मला दिला. म्हटलं, अंगारावर न भाजलेला रोडगा आहे. ती म्हणाली, "पण फुगला ना मामाजी?" फुगला होता, ते खोटं कसं म्हणू?

रात्री रजई नातीवर घातली. ती आत शिरली, या कुशीवरून त्या कुशीवर झाली, अन् तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. झोपून गेली.

पंचवीसला सकाळी मुलगी अंघोळ करून तयार होती. बॅग दाराशी. नागपूरची बस नऊ वाजता. आठ वाजून गेले तरी नात उठली नव्हती. मी जाऊन पाहिलं तर रजईतून नाकाचं टोक तेवढं बाहेर, कपाळावर घाम नाही, शिंक नाही. सून म्हणाली, पहाटेपासून एकदाही हलली नाही.

मुलगी माझ्यामागं येऊन उभी राहिली.

"बाबा, उठवू का हिला? बस चुकेल."

"उठव ना. मी काहून अडवू?"

तिनं वाकून रजईचा काठ नीट केला. मग दार हळू ओढून घेतलं अन् स्वयंपाकघरात जाऊन म्हातारीसमोर तुरीच्या शेंगा सोलायला बसली. साडेआठ झाले, मग नऊ. एवढी शिकलेली पोरगी, तिला घड्याळ पाहता येते. मी तिला वेळ सांगितली नाही.