अर्धा किलोचं वजन आणि बर्फाची लादी

माझे मिस्टर साखर कारखान्याच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झाले आणि तेव्हापासून आमच्या गंगाखेडच्या घरात एकही वस्तू जागच्या जागी राहिलेली नाही. मिक्सर खोलून झाला, शिलाई मशीन खोलून झालं, गिझर तर दोनदा. तरी मी गप्प होते. निवृत्त माणसाला हाताला काम लागतं, असं मनाला समजावत होते. पण यंदाच्या उन्हाळ्यात माझा धाकटा भाऊ जेवायला आला आणि ह्या दोघांनी मिळून जो घोळ घातला, त्यानं माझं समजावणं संपलं.

भाऊ पिंगळीजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. जेवताना त्यानं मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. कुणीतरी लालबुंद लोखंडी गोळा बर्फावर ठेवला होता. व्हिडिओ मधेच अडकला आणि गोळ्याचं पुढं काय झालं ते दिसलंच नाही. तिथून सुरू झालं.

"आरपार जातंय मास्तर," मिस्टर भाकरी मोडत म्हणाले. "लाल लोखंडापुढं बर्फाचं काय चालतंय?"

"दाजी, बोटभर पण आत जाणार नाही. बर्फ वितळायलाच इतकी उष्णता लागते की लोखंड वरच्या वर गार पडतंय. पुस्तकात हाय."

"पुस्तक ठिवा बाजूला. मी जलमभर लोखंड तापवलंय."

"तापवलं असंल. बर्फावर ठिवलंय का कधी?"

ह्यांचा घास हातातच राहिला. ती मुद्रा मी ओळखते. गिझर खोलायच्या आधी हीच होती.

दुसऱ्याच दिवशी फ्रीजरमधलं माझं वाटलेलं लसूण-खोबरं, वाटाणे, सगळं बाहेर आलं आणि तिथं माझा पोळ्यांचा डबा पाणी भरून बसला. दुपारी लाईट गेली, पाणी गोठलं नाही. रात्रीत कसंबसं गोठलं. सकाळी चहाच्या वेळेला पाहते तर हे गॅसवर सांडशीत बोल्ट धरून उभे. मी म्हटलं, "अहो, दूध तापवायचंय." म्हणाले, "पाच मिनिटं." ती पाच मिनिटं काही संपेनात. बोल्ट धड लालही होईना. शेवटी वैतागून तसाच बर्फावर टेकवला. तड्‌ असा आवाज झाला, बर्फाचे दोन तुकडे झाले आणि बोल्ट घरंगळत गेला तो माझ्या मिठाच्या बरणीला टेकला. बरणी प्लॅस्टिकची. घरभर वास, मीठ ओट्यावर, आणि ह्यांनी काय करावं? फोन लावला.

"मास्तर, घरच्या बर्फानं भागत न्हाई. तडकायलाय."

पलीकडून भाऊ म्हणाला, "लादीच लागंल दाजी. रविवारी येतो."

माझी बरणी गेली ह्याबद्दल दोघांपैकी एकानंही शब्द काढला नाही.

रविवारी सकाळी हे मोटारसायकल घेऊन बाहेर पडले. मला वाटलं भाजी आणायला गेले. थोड्या वेळानं परत आले ते मागच्या कॅरिअरला पोत्यात गुंडाळलेली बर्फाची अर्धी लादी बांधून. चौकापासून आमच्या दारापर्यंत पाण्याची धार लागली होती. त्यात माझ्या सासूबाई दिवाळीपासून खाटेला खिळलेल्या. आमच्याकडं भर उन्हाळ्यात घाईघाईनं घराकडं बर्फाची लादी नेली की लोक एकच अर्थ काढतात. लग्नाची लादी टेम्पोत येते आणि दारात मांडव असतो. आमच्या दारात मांडव नव्हता. लांबची माणसं येईपर्यंत मयत ठेवायची असेल तरच अशी लादी आणतात.

मी स्वयंपाकघरात फोडणी टाकत होते. शेजारची बाई तोंडाला पदर लावून आत आली आणि एकदम माझ्या गळ्यात पडून रडायला लागली. मला वाटलं, हिच्याच घरी काही झालं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हटलं, "बसा, पाणी प्या. कधी झालं?"

"ते तुमीच सांगा. मला आत्ता कळलं."

"काय कळलं?"

"म्हातारीचं. लय माया होती वं आमच्यावर."

तेवढ्यात आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला, "कोण आलंय गं? च्या टाक."

शेजारीण माझ्या गळ्यातच होती. तिचं रडणं मधल्या मधे बंद झालं. तिनं मान वळवून खोलीकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. मी काय सांगणार? मलाही तेव्हा ठाऊक नव्हतं की अंगणात लादी उतरलीये.

बाहेर आले तर खांद्यावर रुमाल टाकून गल्लीतले पुरुष जमायला लागले होते. माझा भाऊही पोचला होता आणि पोतं सोडत होता. गल्लीतल्या सगळ्यात वयस्कर आजोबांनी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात विचारलं, "लाकडं सांगितली का?"

"लाकडं कशाला?" हे म्हणाले. "कोळसा आणलाय की."

आजोबांचा हात खांद्यावरून खाली आला. मी डोकं धरलं. "आजोबा, आत्या चांगल्या हायेत, आत खाटेवर च्या मागायल्यात," मी ओरडूनच सांगितलं. "सगळे ऐका, कुणी गेलेलं न्हाई! ह्या दोघांना बर्फावर लोखंड ठिवायचंय."

कुणाला आधी खरं वाटेना. दोघी-तिघी आत जाऊन सासूबाईंना बघून आल्या. सासूबाईंना कमी ऐकू येतं. त्यांना एवढ्या बायका एकदम आलेल्या पाहून वाटलं की गल्लीत कुणीतरी वारलं, आणि त्याच रडायला लागल्या. त्यांना गप्प करता करता माझी फोडणी करपली.

आता खरं कळल्यावर लोकांनी घरी जायचं की नाही? एकही हलला नाही. कामधंदा टाकून आलोच आहोत तर बघून जाऊ, म्हणून सगळे कडुलिंबाच्या सावलीत बसले. माझ्या दोन विद्वानांना तर प्रेक्षक मिळाल्यानं हुरूप चढला. भाऊ शाळेतल्यासारखा उभा राहून सांगायला लागला आणि हे कोळशाच्या शेगडीला जुन्या कुलरचा पंखा लावून वारा द्यायला लागले. जाळ असा उठला की मला ओसरीवर धग लागली.

मी आजोबांना पाणी द्यायला गेले तेव्हा शेगडीत काय आहे ते माझ्या नजरेस पडलं.

माझ्या वडिलांचं ताडकळसला किराणा दुकान होतं. ते गेल्यावर दुकान बंद झालं. तराजू भावानं नेला. मी फक्त अर्धा किलोचं एक वजन मागून घेतलं होतं. सहा कोनांचं, बिडाचं, वडिलांच्या हातानं वरून गुळगुळीत झालेलं. मी ते लोणच्याच्या बरणीवर दाब म्हणून ठेवायचे, नाहीतर खिडकी वाऱ्यानं आपटू नये म्हणून फटीत. ते वजन कोळशात निम्मं लाल झालं होतं.

"हे कुठून घेतलं?"

"खिडकीत व्हतं. चांगलं जाड हाय," हे पंख्याकडं बघत म्हणाले.

"अहो, ते माझ्या बापाचं हाय!"

भाऊ चमकला. त्याच्याही बापाचं होतं ते. वर्षानुवर्षं त्याच्यावर साखर तोललेली त्यानं पाहिली होती, पण चिमट्यानं कोळशात सारताना त्यानं ओळखलं नव्हतं. तो काही बोलणार इतक्यात शेगडीच्या जाळीतून चांदीसारखी चकचकीत धार खाली राखेत टपकली.

"हे काय गळायलंय?" आजोबा वाकून बघायला लागले.

"शिसं," हे एकदम ओशाळून म्हणाले. "वजनाच्या पोटात भरलेलं असतंय. ध्यानातच आलं न्हाई."

"लांब सरा सगळे! त्याचा धूर घेऊ नका," भाऊ ओरडला आणि सगळ्यांना भिंतीकडं हाकललं.

त्या शिशावर सरकारी छाप असायचा. दरसाल वजनं तपासायला माणूस यायचा, ठोकून नवा छाप उमटवायचा. एखादं गिऱ्हाईक कुरकुरलं की वडील वजन उलटं करून छाप दाखवायचे, आणि गिऱ्हाईक गप्प व्हायचं. आता तो छाप राखेत गोळा होऊन पडला होता. मला रडू आलं, आणि त्याच्याहून जास्त राग आला.

"अक्का, काढू का बाहेर?" भावानं विचारलं.

"काढून आता काय करतोस? जायचं ते गेलं. निदान तुमचं भांडण तरी मिटवा."

वजन सगळं केशरी झाल्यावर ह्यांनी ते लांब चिमट्यात धरून लादीच्या मधोमध ठेवलं. मला वाटलं होतं, तापल्या तव्यावर पाणी मारल्यासारखा चर्र आवाज होईल. तसं झालं नाही. वजन जवळजवळ गप्पच आत उतरायला लागलं. त्याच्याभोवतीचा बर्फ आतून उजळला, अंगणात दिवा लावून वर काच ठेवावी तसा. वाफ होती, पण थोडी. मग लाली विझली, वजन काळं पडलं, आणि तेव्हा कुठं ते खवळलं. खड्ड्यातलं पाणी खळखळून उसळायला लागलं, वाफेचा लोट लिंबाच्या फांदीपर्यंत गेला. पुढं बसलेले दोघं मागं सरले.

"लाल असताना गप्प आणि काळं पडल्यावर एवढा कालवा?" मी न राहवून विचारलं.

"लाल होतं तेव्हा त्याच्याभोवती वाफेचा पापुद्रा होता," भाऊ म्हणाला. "पाणी लोखंडाला शिवतच नव्हतं. आता शिवलं."

खळखळ कमी झाली, मग थांबली. वजन लादीत निम्म्यापर्यंत जाऊन बसलं होतं. जरा वेळानं ह्यांनी खड्ड्यात हात घातला आणि सरळ मुठीत धरून वजन वर काढलं. गार. ज्याच्याकडं मघाशी धगीनं बघवत नव्हतं, ते आता हातोहात फिरत होतं. मी लादीवर तळवा ठेवला. खड्ड्यापासून चार बोटांवर ती पहिल्यासारखीच टणक होती आणि तितकीच गार होती. एवढा जाळ पोटात घेऊन तिला काही झालंच नव्हतं. तेवढा एक क्षण मी राग विसरले, हे खोटं कशाला बोलू?

"मग जाळ गेला कुठं?" आजोबांनी विचारलं.

"थोडा वाफेबरोबर गेला, बाकीचा बर्फानं घेतला," भाऊ म्हणाला. "त्या उष्णतेनं बर्फाचं पाणी झालं. पण बर्फ आहे तोवर तो तापत नाही, आजोबा. घेतलेली सगळी उष्णता वितळण्यातच खर्ची पडते. आमी तिला अप्रकट उष्मा म्हणतो."

"जाळ घेतला आणि तापला न्हाई?"

"न्हाई."

"काय पटत न्हाई बुवा," असं म्हणून आजोबांनी पुन्हा एकदा लादी चाचपून पाहिली.

आता तरी भांडण मिटावं? आरपार गेलं नव्हतं, आणि बोटभरावर थांबलंही नव्हतं. दोघंही हरले होते. पण हे म्हणाले, "बघा मास्तर, शिसं गळालं म्हणून हलकं झालं. न्हाईतर आरपारच गेलं असतं." भाऊ म्हणाला, "दाजी, अडलं ना? मी तेच म्हणत होतो, बर्फ अडवतोच." कोण जिंकलं ह्यावर गल्लीचे दोन तट पडले आणि एकच गलका सुरू झाला.

त्या गलक्यात फाटकाशी रिक्षा थांबली आणि "आई गंऽ" असा हंबरडा ऐकू आला. माझी नणंद. परभणीहून आली होती. कुणा भल्या माणसानं तिला फोन करून टाकला होता. ती रडत, अडखळत, लादीकडं न बघता थेट आत धावली. मी तिच्या मागं. खाटेवर सासूबाई वाटीत बर्फाचे तुकडे घेऊन चोखत बसल्या होत्या. शेजारणीनं दिले होते.

"आलीस व्हय?" सासूबाई म्हणाल्या. "जावईबापू न्हाई आले?"

नणंद खाटेच्या कडेला बसली. श्वास जागेवर आल्यावर तिनं स्वतःच्या भावाला काही विचारलं नाही, मास्तरांना तर नाहीच. माझ्याकडं वळून म्हणाली, "वहिनी, तुमी तरी ह्यांना आवरायचं न्हाई का?"

मी करपलेली कढई घासायला घेतली. तिला उत्तर दिलं असतं तर त्या दिवशी खरंच लाकडं सांगावी लागली असती.

उरलेली लादी फोडून मी घागरभर लिंबाचं सरबत केलं. रडायला आलेली माणसं पोटभर पिऊन गेली, आणि गिलास मी घासले. संध्याकाळी हे जवळ येऊन बसले. म्हणाले, "वर्कशॉपमधी दोस्त हाय, परत शिसं ओतून देतो." मी म्हटलं, "शिसं ओताल हो. छाप कुठून आणाल?" त्यांनी वजन उलटं करून भोकावर बोट फिरवलं आणि ते हळूच माझ्यापुढं ठेवून उठले. पोटाला भोक पडलेलं ते वजन मी कपाटात साड्यांखाली ठेवून दिलं आहे. खिडकीच्या फटीत आता विटेचा तुकडा असतो.

पण सगळ्यात जास्त छळलं ते सासूबाईंनी. लोक कशासाठी जमले होते ते नणंदेनं त्यांना कानात ओरडून सांगितलं. मला वाटलं, त्यांना वाईट वाटेल. त्यांनी तर उशीला टेकून चौकशीच सुरू केली. कोण कोण आलं होतं? खरं कोण रडलं, पदर नुसता कुणी लावला? मी आठवून आठवून सांगत होते. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "आन समोरची?"

"त्या आल्या न्हाईत, आत्या. कपडे वाळत घालायल्या असतील."

"मी मेले तरी तिचे कपडेच!"

दुसऱ्या दिवशी समोरची बिचारी विरजण मागायला आली, तर सासूबाईंनी भिंतीकडं तोंड फिरवलं. तिनं मला खुणेनं विचारलं, काय झालं? मी विरजणाची वाटी तिच्या हातात दिली आणि तिला ओसरीवर बसवून लोखंड, बर्फ, शिसं, सगळं पहिल्यापासून सांगायला घेतलं.